परतीचे दोर: नारायण वामन टिळक, लक्ष्मीबाई आणि मागे राहिलेले घर

10 फेब्रुवारी 1895. मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या चर्चमध्ये तेहतीस वर्षांच्या एका चित्पावन ब्राह्मणाने बाप्तिस्मा घेतला. संस्कृतचा पंडित, मराठीचा कवी, नागपूरच्या आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने वैदिक वाङ्मयाचे काम केलेला हा गृहस्थ. बाप्तिस्मा भारतीय पाळकाच्याच हातून व्हावा, गोऱ्या मिशनऱ्याच्या नव्हे, हा त्याचा आग्रह होता आणि तो मानला गेला. नाव त्याने बदलले नाही. नारायण वामन टिळक हे नाव तसेच राहिले. पुढे त्याला ‘रेव्हरंड’ एवढे उपपद लागले.

त्या वेळी त्यांची पत्नी लक्ष्मीबाई आणि चार वर्षांच्या आतबाहेरचा मुलगा दत्तू माहेरच्या माणसांत होते. पत्नीची संमती घेतलेली नव्हती. ती मागितली असती तर मिळाली नसती, हे उघड आहे.

या घटनेकडे बहुधा एका माणसाच्या श्रद्धेची कथा म्हणून पाहिले जाते. ती तशी आहेच. परंतु तिच्यात आणखी एक प्रश्न दडलेला आहे आणि तो त्या काळच्या प्रत्येक मराठी ख्रिस्ती कुटुंबाला छळत होता. नव्या श्रद्धेत पूर्ण मनाने राहायचे, तर मागे सोडलेल्या आयुष्याचे करायचे काय?

सिंहगडाच्या लढाईत मावळ्यांनी माघार घेऊ नये म्हणून गडावरून उतरायचे दोर कापले गेले, ही कथा मराठी मुलाला शाळेतच कळते. एकोणिसाव्या शतकातील धर्मांतरितांचे दोर मात्र त्यांना स्वतःला कापावे लागत नसत. ते काम समाज करीत असे, आणि अत्यंत तत्परतेने करीत असे.

1843 सालचे एक प्रकरण पाहण्यासारखे आहे. नारायण शेषाद्री नावाचा ब्राह्मण तरुण मुंबईत स्कॉटिश मिशनऱ्यांच्या संगतीत ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत जेमतेम बारा वर्षांचा. तोही मिशनऱ्यांकडे राहू लागला, त्यांच्या घरी जेवला. वडिलांनी न्यायालयात धाव घेतली आणि न्यायालयाने मुलगा बापाच्या ताब्यात दिला. प्रकरण इथे संपायला हवे होते. खरे ते इथे सुरू झाले. मुलगा घरी आला, पण जातीत आला नाही. परक्याच्या हातचे अन्न पोटात गेलेल्या मुलाला प्रायश्चित्त देऊन परत घेता येते की नाही, यावर मुंबईच्या ब्रह्मवृंदात तट पडले. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी मुलाच्या बाजूने शास्त्राधार शोधले, शुद्धीचा खटाटोप केला आणि त्यापायी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. मोठा भाऊ नारायण पुढे पाळक झाला, जालन्याजवळ त्याने बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव वसवले. एक भाऊ पुढे निघून गेला. दुसऱ्याला मागे यायचे होते, तर मागचे दारच उघडेना.

अर्धे शतक लोटले तरी या दाराच्या कड्या फारशा सैल झाल्या नव्हत्या. 1890 च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातील प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला गेली. तेथे चहा-बिस्किटे पुढे आली. न्यायमूर्ती रानडे, बाळ गंगाधर टिळक यांच्यासारखी माणसे त्या चहाच्या पेल्यामुळे ग्रामण्यात सापडली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि शेवटी रानड्यांसारख्या न्यायाधीशालाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. तो एका पेल्याचा हिशेब होता. पाच वर्षांनी त्याच चित्पावन ज्ञातीतल्या नारायण वामनांनी तर आयुष्यच ओतून दिले. त्याला प्रायश्चित्त कुठले असणार?

दुसऱ्या बाजूने मिशनांचीही एक अपेक्षा असे. नव्या ख्रिस्ती माणसाने आपली पूर्वकथा सांगावी: किती अंधार होता, मूर्तीपुढे किती डोके आपटले, मग उजेड कसा दिसला. बाबा पदमनजींचे आत्मचरित्र हा त्या प्रकारचा मराठीतला मोठा ग्रंथ. 1854 साली बेळगावात बाप्तिस्मा घेतलेल्या, ‘यमुनापर्यटन’ लिहिणाऱ्या या समर्थ गद्यकाराने आपल्या आत्मकथेला नाव दिले ‘अरुणोदय’. नावातच सारा आराखडा आला: आधी रात्र, मग पहाट. पुस्तक आजही वाचनीय आहे आणि बाबांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि या आराखड्यात एक अडचण आहे. ज्या रात्रीतून माणूस बाहेर पडला, तिचेच वर्णन त्याला जन्मभर करीत राहावे लागते. सनातनी त्याला त्याच्या भूतकाळाबद्दल शिक्षा करतात, स्वकीय त्याच्याकडून त्याच भूतकाळाची कहाणी पुनःपुन्हा मागतात, आणि दोघेही त्याला मागेच उभे करून ठेवतात.

ख्रिस्ती धर्मग्रंथांत या विषयावर जे प्रसिद्ध वचन आहे, ते संत पौलाने फिलिप्पै येथील मंडळीला लिहिलेल्या पत्रात येते. मागचे विसरून पुढच्या खुणेकडे झेपावणाऱ्या धावपटूचे ते चित्र आहे. प्रवचनांतून ते हजारदा ऐकवले जाते. त्याच अध्यायात त्याच्या थोडे आधी पौल काय करतो, याकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष जाते. तो आपली वंशावळ सांगतो. आठव्या दिवशी झालेली सुंता, बन्यामीनचा वंश, परूशी पंथाची कडक शिस्त, एकेक गोष्ट नीट मोजून मांडतो. मग म्हणतो की आता हे माझ्या जमेच्या बाजूला नाही. म्हणजे त्याचे विसरणे स्मृतिभ्रंशाचे नव्हते. खातेवही त्याने फाडली नाही. तिच्यातील शिलकेवर जगणे तेवढे सोडले.

टिळकांचे पुढचे आयुष्य या ओळीवर आपोआप आले असे नाही. त्यांना त्यासाठी बरीच वर्षे लागली.

त्यांचा जन्म 1861 चा, कोकणातल्या करजगावचा. वडील तापट, आई लवकर गेली आणि मुलाने कोवळ्या वयात घर सोडून नाशिक गाठले. तेथे गणेशशास्त्री लेल्यांकडे संस्कृताचे अध्ययन झाले. 1880 मध्ये जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी विवाह झाला. ती अकरा-बारा वर्षांची, तेच मग लक्ष्मीबाईंचे नाव. नोकरी एक धड टिकली नाही. न सांगता निघून जाणे, हातचे पैसे वाटून टाकणे, गाव बदलणे हे नेहमीचेच. या भटकंतीत प्रचलित धर्माविषयीचे असमाधान वाढत गेले आणि आपणच देशासाठी एखादा नवा धर्म मांडावा, असेही त्यांच्या मनात घोळत होते. 1893 च्या सुमारास नागपूर ते राजनांदगाव या रेल्वेप्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनापाशी ते थांबले. ‘ज्ञानोदया’कडे त्यांनी नाव न देता पत्रे लिहिली, त्या पत्राचे संपादक जस्टिन ॲबट आणि अहमदनगरचे डॉ. ह्यूम यांच्याशी पत्रव्यवहार झाला. मग बाप्तिस्मा.

(हेच ॲबट निवृत्तीनंतर अमेरिकेला परतले आणि उरलेले आयुष्य त्यांनी तुकाराम, एकनाथ, बहिणाबाई यांचे इंग्रजी भाषांतर करण्यात घालवले. टिळकांना ख्रिस्ताकडे यायला मदत करणारा माणूस स्वतः वारकऱ्यांच्या वाटेवर रमला. इतिहासाला अशा थट्टा सुचतात.)

सुरुवातीच्या वर्षांत टिळकांनीही सोडलेल्या धर्मावर कठोर टीका केली. नवदीक्षिताला हे सोपे असते आणि अपेक्षितही असते. परंतु काही वर्षांनी तुकोबांचे अभंग पुन्हा हाती आले आणि सूर पालटला. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. पूल ही प्रतिमा ‘अरुणोदया’च्या प्रतिमेहून अगदी वेगळी आहे. रात्र सरली की तिचे काही उरत नाही. पूल मात्र ओलांडून गेल्यावरही जागेवर असतो. त्याच्यावर राहायला कोणी जात नाही, आणि त्याला शिव्याही कोणी देत नाही.

या बदलाचा परिणाम मराठी ख्रिस्ती उपासनेवर थेट झाला. परभाषेतल्या चालींत बसवलेली स्तोत्रे गाणाऱ्या मंडळीच्या हाती टिळकांनी अभंग, ओवी आणि भजन दिले. अहमदनगरकडे ख्रिस्ती कीर्तनाची सुरुवात त्यांच्या आधीच झाली होती; त्या परंपरेला त्यांनी खऱ्या कवीची वाणी दिली. ‘अभंगांजली’ त्याच काळातली. मराठी चर्चमध्ये आजही जी गीते गायिली जातात, त्यांत टिळकांचा वाटा फार मोठा आहे. गाणाऱ्याला आपण कुणाचे गातो आहोत याची आठवण नसते, इतकी ती मंडळीची झाली आहेत.

इथवरची कहाणी गौरवग्रंथात शोभेल अशी आहे. तिच्यात एक माणूस राहून गेला आहे.

मागे वळून न पाहण्याची किंमत पुढे जाणारा एकटा देत नाही. ज्याला तो ‘मागचे’ म्हणतो, त्यात हाडामांसाची माणसे राहत असतात. टिळकांच्या बाबतीत त्या माणसाचे नाव लक्ष्मीबाई होते. ज्या घरात त्या वाढल्या, तेथे सोवळ्याने थैमान घातलेले होते. आजोबा 1857 च्या धामधुमीत नाशिकला फाशी गेले आणि त्या धक्क्याने वडिलांना सोवळ्याचे वेडच लागले. बाहेरून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात येत नसे. अशा घरच्या मुलीला एके दिवशी कळले की आपला नवरा ख्रिस्ती झाला. सधवा म्हणावे तर नवरा जातीबाहेर; विधवा म्हणावे तर तो जिवंत. नातलगांनी त्यांना पंढरपुरात ठेवले. दुःखाने आजारी पडलेल्या, अक्षरओळख बेताचीच असलेल्या या बाईने तिथे पहिल्या कविता रचल्या.

त्या काळचा कायदा इथे लक्षात घेण्याजोगा आहे. 1850 च्या कायद्याने धर्मांतरिताचा वारसाहक्क अबाधित ठेवला होता. 1866 च्या दुसऱ्या एका कायद्याने ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीला आणखी एक वाट दिली: जोडीदार धर्मांतरामुळे नांदायला येत नसेल तर न्यायालयात जावे, न्यायालय जोडीदाराची भेट घडवील, विचाराला मुदत देईल, आणि तरीही नकारच आला तर विवाह रद्द होईल; मग पुनर्विवाहाला मोकळीक. म्हणजे जुने सारे मागे टाकून नव्याने संसार मांडायची सोय सरकारने कागदावर करून ठेवली होती. अनेकांच्या आयुष्यात तो कायदा आवश्यकही ठरला असेल. टिळक त्या वाटेला गेले नाहीत. त्यांनी पत्रे लिहिली, भेटीसाठी खेटे घातले, वाट पाहिली. ख्रिस्तावरची निष्ठा अखंड आणि मागे राहिलेल्या बायकोवरचा हक्कही न सोडलेला. या दोन गोष्टींत त्यांना विरोध दिसला नाही. त्यांनी केलेले आधीचे वागणे या प्रतीक्षेने धुऊन निघते असे म्हणता येणार नाही. ज्या निर्णयाने पत्नीचे आयुष्य उलटेपालटे होणार होते, तो त्यांनी तिला वगळून घेतला होता, आणि पाच वर्षे ती त्याचा भार वाहत होती.

सुमारे पाच वर्षांनी लक्ष्मीबाई नवऱ्याकडे नांदायला आल्या. धर्म सोडून नव्हे. सोवळे सोबत घेऊन. अहमदनगरात सुरुवातीला त्यांचे बिऱ्हाड वेगळे, स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. टिळकांनी त्यांच्यावर बाप्तिस्म्याची सक्ती केली नाही. एकदा बेतालपणे उडी घेतलेल्या माणसाने दुसऱ्याला पायरी पायरीने येऊ दिले, हे त्यांच्या स्वभावातले मोठे स्थित्यंतर मानावे लागेल. लक्ष्मीबाईंचा बदल प्रथम धर्माविषयी झालाच नाही. तो जातीविषयी झाला. माणसामाणसांतला हा भेद देवाने केलेला नसून माणसानेच घातलेला आहे, असे एकदा त्यांच्या मनाने घेतले आणि मग कोणाच्याही हातचे खायला त्या मोकळ्या झाल्या. 1900 मध्ये त्यांचा आणि दत्तूचा बाप्तिस्मा झाला. दुष्काळाने अनाथ केलेली मुले पुढे त्याच घरात वाढली. त्यांची जात विचारायला आता त्या घरात कोणी उरले नव्हते. वडिलांचे धुणे-विसळणे ज्या मुलीने पाहिले होते, तिने ती मुले न्हाऊमाखू घातली.

घर टिळकांचे असल्यामुळे त्यात कवींचाही राबता असे. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी, काही काळ अहमदनगरला या कुटुंबात राहिले आणि लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखे सांभाळले. एका ख्रिस्ती पाळकाच्या घरात एक ब्राह्मण कवी जेवतो-झोपतो, याचा त्या घराला गवगवा करावासा वाटला नाही. चहाच्या पेल्यावरून पुणे पेटले होते, त्याला तेव्हा फार तर दोन दशके झाली असतील.

टिळकांना मागे पाहायचे नव्हते, तसे एका जागी थांबायचेही नव्हते. ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन, धर्मशिक्षणशाळेतील अध्यापन, पाळकाची प्रतिष्ठा हे सर्व मिळाल्यावर 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली. साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला मानणारे सारेच त्यात यावेत, ही कल्पना. मिशनच्या मंडळींना ती पचायला जड गेली. ज्याने वीस-बावीस वर्षांपूर्वी आपल्या ज्ञातीचे कुंपण ओलांडले, त्याला आता नव्या ज्ञातीचे कुंपणही नको होते. त्यांच्या मते ख्रिस्त हा पाश्चात्त्य मिशनची मालमत्ता नव्हता.

‘दरबारा’ला आयुष्य थोडे मिळाले. 9 मे 1919 रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. आपल्या देहाचे दफन न करता दहन करावे, अशी त्यांची इच्छा होती, आणि तसेच झाले. मराठी ख्रिस्ती जगात तेव्हा ही गोष्ट सामान्य नव्हती. काहींना तो हिंदू वळणाचा शिल्लक अंश वाटला असेल. पण पंचवीस वर्षे ज्याची निष्ठा कधी डळमळली नाही, त्याला चितेचे भय बाळगण्याचे कारण नव्हते. मागच्या गोष्टींना घाबरणे हेही मागेच अडकून पडणे असते. अस्थी अहमदनगरला ठेवल्या गेल्या.

मागे राहिल्या लक्ष्मीबाई. ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्रावरचे महाकाव्य टिळकांनी सुरू केले होते. ते सुरुवातीच्या काही अध्यायांवरच थांबले होते. जोडाक्षरांशी जिचे कधी फारसे जमले नाही, त्या बाईने पुढचे साठाहून अधिक अध्याय रचले. आयुष्याच्या उत्तरार्धात त्या मुलाकडे कराचीत होत्या. देवदत्त वडिलांचे चरित्र लिहू पाहत होते आणि त्यासाठी आईने आठवणी लिहून द्याव्यात, एवढ्याच निमित्ताने ‘स्मृतिचित्रे’ सुरू झाले. 1934 पासून ते भागांनी प्रसिद्ध होऊ लागले.

मराठी धर्मांतर-वाङ्मयात या पुस्तकाची जागा कोठे लावावी, याचे उत्तर सहज मिळत नाही. भूतकाळ त्यात ओसंडून वाहतो: वडिलांचे सोवळे, सासऱ्यांचा राग, नवऱ्याचे नाहीसे होणे, पंढरपुरातले दिवस, मिशनच्या अहात्यातले हेवेदावे. पण यात रात्र आणि पहाट असे दोन भाग पडत नाहीत. सोवळ्यात गुंतलेल्या बापाची त्या टवाळी करतात तशीच कींवही करतात. ख्रिस्ती झाल्यानंतरच्या स्वतःच्या फजित्याही त्याच सुरात सांगतात. ज्या नवऱ्याने न विचारता आपले आयुष्य उधळले, त्याच्यावर त्या रागावतात आणि पुढच्याच पानावर त्याच्या एखाद्या उपद्व्यापाला हसतात. तक्रारीची वही कोठेही उघडत नाही. कोणी क्षमा मागावी, अशी वाट पाहत त्या बसलेल्या नाहीत. ज्यांना मागचे टाकून पुढे जायचे होते, ते टिळक आपली पूर्वकथा सांगण्यात कधी रमले नाहीत. ज्यांच्यावर तो भूतकाळ येऊन कोसळला, त्यांनी तो सगळा लिहिला, आणि लिहिताना त्याचे ओझे कुणाच्या खांद्यावर ठेवले नाही. श्रद्धा दोघांचीही तितकीच पक्की होती. फक्त तिथवर जाण्याचा रस्ता एकाने उडीत ओलांडला, तर दुसरीने तो पायी, चपलांचा हिशेब ठेवीत कापला.

24 फेब्रुवारी 1936 रोजी लक्ष्मीबाई वारल्या. ‘स्मृतिचित्रे’चा चौथा भाग तोवर पुरा झालेला नव्हता, उरलेला मजकूर देवदत्तांनी जोडला, आणि त्याच वर्षी तो छापून आला.